भिवाच्या साताऱ्याहून फलटणच्या मंगळवार पेठेत

पुण्याहून साताऱ्याकडे निघालेली एस.टी. शिरवळच्या आसपास आली की माझी नजर आपोआप रस्त्याकडेच्या पाट्यांवर जाते. इथूनच आत नायगाव. क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले यांचे जन्मगाव. ३ जानेवारी १८३१ चा त्यांचा जन्म. लग्न होऊन त्या पुण्याला गेल्या तेव्हा त्यांना अक्षरओळख नव्हती. जोतीरावांनी त्यांना शिकविले आणि १८४८ साली त्याच सावित्रीबाई पुण्याच्या भिडेवाड्यात मुलींना शिकवायला उभ्या राहिल्या. बसमधल्या किती प्रवाशांच्या मनात हे येत असेल? माझ्या शेजारी आमच्या विहारातील बालवाडीच्या बाई बसल्या होत्या. त्यांना मी खिडकीतून ती दिशा दाखविली. त्यांनी हात जोडले आणि म्हणाल्या, "ताई, म्हणजे हा जिल्हाच आपल्या अक्षरांचा म्हणायचा!"

बाईंचे म्हणणे मला पटले. त्या दिवशी ७ नोव्हेंबर होता आणि आम्ही निघालो होतो तेही अक्षरांच्याच कामाला. पिंपरीतल्या आमच्या वस्तीत महिला मंडळातर्फे विहारात सकाळी बालवाडी भरते. तीन ते सहा वर्षांची सव्वीस मुले. मी नोकरीने कारकून. सुटीच्या दिवशी आणि संध्याकाळी जेवढे होईल तेवढे समाजाचे काम करते. बालवाडीचा हिशेब माझ्याकडे असतो. तर झाले असे, की आमच्या ओळीतील एका भगिनीने आपल्या तिसरीतल्या मुलाला माझ्याकडे आणले. मुलाने पाठ्यपुस्तक उघडले आणि धडा घडाघडा म्हणून दाखविला. मी कौतुकाने मधल्याच एका शब्दावर बोट ठेवले. "हा कोणता शब्द रे?" मुलगा गप्प. मग त्याने धड्याच्या पहिल्या ओळीपासून पुन्हा म्हणायला सुरुवात केली आणि म्हणत म्हणत त्या शब्दापर्यंत आला! त्याला सारा धडा तोंडपाठ होता. वाचता एकही शब्द येत नव्हता. त्याची आई चार घरची धुणीभांडी करते. ती म्हणाली, "ताई, समदं पाठ हाय त्याला, मग वाचता का येत न्हाई?"

या एका प्रश्नाने आमच्या मंडळाची झोप उडाली. आमच्या बालवाडीतल्या मुलांचे पुढे असे होऊ नये म्हणून काय करायचे, हे पाहण्यासाठी आम्ही दोघी बाहेर पडलो होतो. पहिला मुक्काम सातारा, दुसरा फलटण.

साताऱ्याला राजवाड्याजवळ उतरले की प्रतापसिंह हायस्कूल विचारावे लागत नाही. त्या दिवशी तर नाहीच. निळे फेटे, शाळकरी मुले, फुलांचे हार, घोषणा. ७ नोव्हेंबर १९०० या दिवशी, तेव्हा गव्हर्नमेंट हायस्कूल असलेल्या या शाळेत इंग्रजी पहिलीच्या वर्गात 'भिवा रामजी आंबेडकर' हे नाव दाखल झाले. रजिस्टरचा क्रमांक १९१४, आणि त्यापुढे खुद्द बाल भिवाची सही. १९०४ पर्यंत भिवा येथे शिकला. २०१७ सालापासून राज्य सरकारने हा दिवस 'विद्यार्थी दिवस' म्हणून साजरा करायला सुरुवात केली. रजिस्टर म्हणजे आम्हा कारकुनांचा रोजचा चारा. आयुष्यात हजारो नोंदी केल्या, तपासल्या, खाली बेरजा मारल्या. पण एका नोंदीने कोट्यवधी माणसांचे खाते बदलले, अशी ही एकच.

अभिवादन करून आम्ही बाहेर झाडाच्या सावलीत बसलो. बाई विचारात पडल्या होत्या. त्या बारावी पास आहेत, पण त्यांचे डोके वकिलाचे आहे. "ताई, भिवाने दाखल होताना सही केली. म्हणजे लिहिता-वाचता त्याला आधीच येत होतं. मग खरी सुरुवात या शाळेत नाही झाली. ती कुठं झाली?"

खरेच, कुठे झाली? प्राथमिक शाळा होतीच, पण त्याहून मोठी शाळा घरात होती. सुभेदार रामजी सकपाळ लष्कराच्या शाळेत चौदा वर्षे मुख्याध्यापक होते. घरात पुस्तक होते, पहाटे उठून मुलांकडून वाचून घेणारा बाप होता, संतांचे अभंग कानावर पडत होते. भिवा अस्पृश्याचा मुलगा म्हणून वर्गात वेगळा बसला, तहानेने व्याकूळ झाला, पण पुस्तकातला शब्द त्याला परका नव्हता. आपण बाबासाहेबांची बुद्धिमत्ता सांगतो, कष्ट सांगतो. रामजीबाबांची ही घरातली बालवाडी मात्र सांगायची राहून जाते. आणि आमच्या वस्तीतल्या ज्या मुलाचा बाप पहाटे पाचला कंपनीच्या गाडीत बसतो आणि आई सातला कामावर जाते, त्या मुलाच्या घरी रामजी सुभेदार कुठून आणायचे?

हाच प्रश्न घेऊन आम्ही दुसऱ्या दिवशी फलटणची गाडी धरली. वाठार स्टेशन, मग आदर्कीचा घाट, मग खाली उतरता उतरता उसाचा हिरवा पट्टा. नीरेच्या कालव्याने या भागाचा नूरच पालटला आहे. फलटण म्हणजे नाईक-निंबाळकरांचे जुने संस्थान. श्रीराम मंदिर, राजवाडा, महानुभावांची स्थाने. गावाची माहिती देणारे कुणी भेटले की एवढे नक्की सांगतात. आम्हाला जायचे होते मंगळवार पेठेत आणि ती माहिती कुणी आपणहून दिली नाही. विचारत विचारत गेलो.

पेठ ओळखायला वेळ लागत नाही. पंचशील ध्वज, निळे झेंडे, भिंतीवर बाबासाहेब, दारात पाण्याचे पिंप. एका घराच्या पायरीवर आजीबाई शेंगा सोलत बसल्या होत्या. जयभीम घातला. "कुटनं आलाय बाय?" "पिंपरीहून, आजी." "मंग आदी पानी घ्या, उनाचं आलाय." तांब्या आला, चहा आला, चार बायका जमल्या. बोलता बोलता बाईंनी मला हळूच कोपर मारले. आजी 'पानी' म्हणाल्या होत्या, तिथे बसलेली सून 'पाणी' म्हणत होती आणि सुनेचा मुलगा आजीशी 'पानी' आणि आमच्याशी 'पाणी'. एका पायरीवर दोन मराठी!

आता गंमत पाहा. नेमकी हीच गोष्ट अभ्यासायला एक बाई १९६६ साली अमेरिकेतून या गावी आल्या होत्या. डॉ. मॅक्सिन बर्नसन. भाषाशास्त्राच्या विद्यार्थिनी. फलटणच्या एकाच गावात माणसागणिक मराठी कशी बदलते, कोण कोणते रूप वापरतो, यावर त्यांनी पीएच.डी.चा प्रबंध लिहिला. आपल्या चळवळीच्या अभ्यासक म्हणून डॉ. एलिनॉर झेलियट आपल्याला माहीत आहेत. त्यांच्याबरोबर बर्नसनबाईंनी महाराष्ट्रातील धर्मजीवनावरचा एक लेखसंग्रहही संपादित केला, तो १९८८ साली निघाला. पण प्रबंध झाला, पदवी मिळाली, बाई परत गेल्या, असे झाले नाही. त्या फलटणला राहिल्या, भारताच्या नागरिक झाल्या आणि १९७८ साली याच मंगळवार पेठेत, शाळेत न जाणाऱ्या किंवा जाऊन गळालेल्या मुलांना वाचायला शिकवू लागल्या. त्यातून १९८४ साली प्रगत शिक्षण संस्था आणि १९८६ साली कमला निंबकर बालभवन ही शाळा उभी राहिली. ज्यांचे नाव शाळेला आहे त्या कमलाबाईही जन्माने अमेरिकन, भारतात व्यवसायोपचार आणणाऱ्या. सातासमुद्रापलीकडच्या बायकांना आमच्या पेठेचा पत्ता सापडतो आणि गावच्या गावात राहणाऱ्यांना सापडत नाही, यावर अधिक काय बोलावे!

बर्नसनबाईंनी धरलेला धागा असा, की वाचन म्हणजे पाठांतर नव्हे आणि नुसती अक्षरे ओळखणेही नव्हे. मुलाच्या तोंडात जी भाषा आहे ती कागदावर उमटते आणि कागदावरचे पुन्हा तोंडात येते, हे मुलाला कळणे म्हणजे वाचन. त्यासाठी मूळाक्षरांच्या ओळीने न जाता थोडी अक्षरे आणि त्यांच्याबरोबरच काना-मात्रा घ्यायच्या, लगेच शब्द करायचे, गोष्टी ऐकवायच्या आणि मुलांना मनातले लिहू द्यायचे. महाराष्ट्रात आता पुष्कळ ठिकाणी अक्षरगटांनी शिकवतात. ऐकायला सोपे वाटते. पण आपल्या बालवाड्यांत काय चालते, ते आठवा. अ अननसाचा, आ आईचा, भ भटजीचा, ग गणपतीचा! आमच्या विहारात आम्ही पूर्वीच भटजीला रजा देऊन 'भ भीमाचा, ब बुद्धाचा' केले होते आणि ते योग्यच केले. परंतु परतीच्या गाडीत बाई जे म्हणाल्या ते मला विसरता येत नाही. "ताई, चित्र बदललं, पण घोकणं तेच राहिलं की!"

फलटणहून आल्यावर बाईंनी कामाला हात घातला. त्यांनी काय केले ते जरा सविस्तर सांगते, कारण अनेक विहारांत बालवाड्या आहेत आणि हे करायला पैसा लागत नाही.

पहिले दोन महिने अक्षर नाहीच. गोष्ट, गाणी, गप्पा. गोष्टीचे पुस्तक मांडीवर धरून ओळीखालून बोट फिरवत वाचायचे, म्हणजे आवाज त्या काळ्या खुणांतून येतो आणि तो डावीकडून उजवीकडे चालतो, हे लहानग्याला दिसते. मग आवाजाचे खेळ. शब्द सावकाश म्हणायचा आणि टाळ्या वाजवायच्या. क-म-ळ, तीन टाळ्या. 'म' ने सुरू होणारी वस्तू आणा म्हटले की कुणी माठाकडे धावतो, कुणी मेणबत्तीकडे, तर एकाने आपल्या मामालाच ओढून आणले. ज्याच्या कानाला शब्द फोडता येत नाही, त्याच्या डोळ्यापुढे अक्षर नाचवून काय उपयोग?

मग पहिला गट. क, म, न, र आणि काना. एवढेच. या पाच खुणांत किती शब्द आहेत ते मोजा. कान, नाक, मान, काम, मका, रान, कमान, काका, मामा, नाना. आणि 'रमा'! माता रमाईचे नाव आमच्या मुलांनी वाचलेल्या पहिल्या शब्दांपैकी एक आहे. तिसऱ्या आठवड्यात बाईंनी फळ्यावर वाक्य लिहिले, 'मामा, काम करा.' मुलांनी ते वाचले आणि हसून हसून लोळली, कारण पाठ केलेले नव्हते, वाचलेले होते! पुढे ब, स, ह आणि एक मात्रा आली की 'बाबासाहेब' वाचता येते. त्यात एकही जोडाक्षर नाही, हे इतकी वर्षे जयंतीचे फलक रंगवूनही माझ्या ध्यानात आले नव्हते. 'भीम' मात्र जरा थांबून घेतला. भ आणि म दिसायला जुळे. दोन्ही एकदम आले की मुले गोंधळतात. तसेच घ आणि ध. पहिल्या वेलांटीचीही एक खोड आहे. तोंडाने आधी क म्हणतो आणि मग इ, पण कागदावर वेलांटी आधी येते. म्हणून ती उशिरा. अक्षर गिरवायचे तर बारीक वाळूच्या ताटात बोटाने. पेन्सिल घट्ट धरून हात दुखवायची घाई नाही.

रोज एका मुलाची पाळी असते. त्याने काहीही सांगायचे आणि बाईंनी ते फळ्यावर लिहायचे. एका पोराने सांगितले, "काल आमच्या नळाला पानीच आलं न्हाई." बाईंनी तसेच लिहिले. दुसऱ्या दिवशी मंडळाच्या एका शिकलेल्या सभासद भगिनीने ते पाहिले आणि त्या तापल्या. मुलांना अशुद्ध का शिकवता? शाळेत हसतील ना त्यांना! त्यांची कळकळ खोटी नव्हती. आपल्यातल्या कितीजणांनी वर्गात तोंड उघडले आणि 'ण' चा 'न' झाला म्हणून सारा वर्ग हसला! त्या हसण्याच्या भीतीने कित्येकांनी पुन्हा तोंडच उघडले नाही. पण म्हणूनच तर! पहिल्याच दिवशी मुलाला कळले की आपल्या आजीची भाषा चुकीची आहे, तर तो बोलायचे थांबेल, आणि जो बोलणार नाही तो वाचणार काय? छापलेला 'पाणी' शब्द पाहून मूल 'पानी' म्हणाले तर त्याने तो शब्द बरोबर वाचला, अर्थासह वाचला. 'ण' चा उच्चार पुढे होईल. ज्या पाण्यासाठी २० मार्च १९२७ ला आपले पूर्वज महाडच्या चवदार तळ्यावर गेले, त्यांतले बहुसंख्य लोक त्याला पानीच म्हणत असतील.

त्याच महिन्यातली आणखी एक तारीख मी बालवाडीच्या हिशेबाच्या वहीत पहिल्या पानावर लिहून ठेवली आहे. १२ मार्च १९२७, म्हणजे महाडच्या आठच दिवस आधी. मुंबई विधिमंडळात बाबासाहेब शिक्षणावरील खर्चाबद्दल बोलले. त्यांनी आकडे मांडले, की प्राथमिक शाळेत येणाऱ्या १०० मुलांपैकी केवळ १८ चौथीपर्यंत पोहोचतात आणि उरलेली ८२ पुन्हा निरक्षरतेत जातात. शाळेत घातले म्हणजे झाले असे नव्हे. मूल कायमचे साक्षर होऊन बाहेर पडले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. आज मुले गळत नाहीत, पट भरलेला असतो, हजेरी लागते. परंतु 'असर' च्या २०२४ च्या पाहणीत ग्रामीण भारतातील सरकारी शाळांच्या तिसरीतल्या १०० मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले २३ च्या आसपास निघाली. १८ आणि २३ या दोन वेगळ्या खात्यांच्या रकमा आहेत, त्यांची वजाबाकी करता येत नाही, हे मी बी.कॉम. झालेली असल्याने जाणते. तरी दोन्ही आकडे एकाखाली एक लिहिले की हात थबकतो. तेव्हाची ८२ मुले घरी बसत होती म्हणून दिसत तरी होती. आताची वर्गात बसून धडा म्हणतात.

सर्वांत अवघड गेली ती आयांची बैठक. गल्लीच्या टोकाला इंग्रजी नर्सरी आहे. टाय, बूट, गृहपाठ, तीन वर्षांच्या पोराच्या वहीत पानभर ए-बी-सी. आमच्याकडे वाळूचे ताट आणि मामाला ओढून आणणारी मुले! दोन आयांनी जूनमध्ये नावे काढून तिकडे घातली. फी भरायला एकीने भिशी उचलली. मी त्यांना नावे ठेवणार नाही. इंग्रजीने आपल्या माणसाला काय दिले ते बाबासाहेबांच्या लेकरांना कुणी सांगायला नको. इंग्रजी शिकलीच पाहिजे. पण जे मूल आईच्या भाषेतल्या 'नाक' शब्दाला हात लावून पाहू शकते, ते आपले वाचन बरोबर की चूक हे स्वतः तपासू शकते. ज्या शब्दाचा अर्थच माहीत नाही, तो चुकला हे त्याला कसे कळणार? २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ ही वर्षे पायाची धरली आहेत आणि मातृभाषेचा आग्रह धरला आहे. धोरण कागदावर आहे. गल्लीच्या टोकाला नर्सरीचा रंगीत फलक आहे. बैठकीत आयांचे समाधान झाले असे मी म्हणणार नाही. एवढे ठरले, की दर शनिवारी संध्याकाळी कोणत्याही आईने यावे, मुलाने न पाहिलेला शब्द फळ्यावर लिहावा आणि वाचून घ्यावा. पहिल्या शनिवारी अकराजणी आल्या. लिहिता न येणाऱ्या तिघी होत्या. त्यांनी शब्द सांगितला, आम्ही लिहिला.

सध्या काम चालले आहे ते नावांच्या पट्ट्यांचे. जुन्या पुठ्ठ्यांवर प्रत्येक मुलाचे नाव मोठ्या अक्षरांत लिहून खिळ्यांना टांगले आहे. मुलाने आले की आपली पट्टी शोधून हजेरीच्या दोरीवर लावायची. यात एक अडचण आली आणि तिचे मला हसू आले. १९५६ नंतर आपल्या आईबापांनी नावे ठेवली ती कशी? सिद्धार्थ, प्रज्ञा, संघमित्रा, आम्रपाली! साऱ्या जोडाक्षरांची गर्दी. सिद्धार्थमध्ये द्ध आहे, रफार आहे. 'भिवा' किती सोपे होते! शिकवण्याच्या क्रमाने हे शब्द पार शेवटी यायचे. पण मुलांना हा क्रम कुठे ठाऊक? आपले नाव ती चार दिवसांत ओळखू लागली. अक्षर फोडून नव्हे, तर माणूस चेहऱ्याने ओळखावा तशी. फोडणे नंतर येईल. आता दुसऱ्याच्या पट्ट्या ओळखण्याची चढाओढ लागली आहे आणि जो गैरहजर असेल त्याचे नाव वाचून सांगायला सगळे एकदम ओरडतात.

गेल्या शनिवारी दोन आयांनी स्वतःच्याही नावाची पट्टी मागितली. पुठ्ठा संपला होता. ऑफिसात रिकाम्या खोक्यांचा ढीग पडला आहे. साहेबांना विचारून ठेवले आहे, सोमवारी घेऊन येणार आहे.